जुनी लढाऊ विमानं बघायला निघताय? आधी वार ठरवा
पुणे–गोवा–कारवार–बंगळुरू: चौघांच्या कुटुंबासाठी सात दिवसांचा रस्ता आणि खर्च

जुन्या लष्करी विमानांची संग्रहालयं गाडीने फिरून बघायचा बेत निघाला की घरात पहिली चौकशी तिकिटाची होते. खरं तर या सहलीत तिकीट हा सगळ्यात किरकोळ खर्च आहे. चौघांची सगळीकडची तिकिटं, कॅमेऱ्याची वेगळी पावती, मुलांनी हट्ट धरलाच तर सिम्युलेटरची एक फेरी, एवढं सगळं मिळून दीड हजार रुपये बाजूला काढले तरी पुरतात. पैसे लागतात पेट्रोलला, खोलीला आणि जेवणाला. बजेट कोलमडतं ते मात्र बहुतेक वेळा एकाच कारणाने: चारशे-साडेचारशे किलोमीटर गाडी हाकून पोचावं आणि संग्रहालयाला त्या दिवशी सुट्टी असावी. एक दिवस फुकट गेला की एक मुक्काम वाढतो, आणि चौघांचा एक जादा मुक्काम म्हणजे जेवणखाण धरून पाच हजार रुपये.

गोव्याचं नौदल विमान संग्रहालय सोमवारी बंद असतं. देशातल्या बऱ्याच संग्रहालयांची साप्ताहिक सुट्टी सोमवारीच येते. त्यामुळे पुण्याहून निघणाऱ्यांसाठी या सहलीचा सोयीचा क्रम असा: शुक्रवारी पहाटे निघून रात्री वास्को, शनिवारी गोव्याचं संग्रहालय, रविवारी कारवार, सोमवारचा दिवस पूर्ण रस्त्यात, मंगळवारी बंगळुरूचं हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचं (एचएएल) संग्रहालय, बुधवारी परतीला लागून हुबळीत मुक्काम आणि गुरुवारी घर. सहा रात्री, सात दिवस. सगळ्यात लांबचा टप्पा सोमवारी येतो आणि सुट्टीचा वार आपोआप कारणी लागतो. उलट क्रमाने, म्हणजे आधी बंगळुरू आणि येताना गोवा असं केलं, तर हे गणित बसवताना फार ओढाताण होते.

जायची वाट

पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी आणि पुढे गोवा. वास्कोपर्यंत साधारण ४७० किलोमीटर भरतात. सातारा ते कोल्हापूर पट्ट्यात रुंदीकरणामुळे वळवलेले रस्ते आणि खोळंबे बरेच असतात, म्हणून नकाशा दाखवेल त्या वेळेत दीड-दोन तास वाढवूनच धरा. पहाटे पाचला पुणं सोडलं तर कोल्हापुरात न्याहारी होते आणि आंबोलीचा घाट उजेडात उतरता येतो. पावसाळ्यात ही सहल करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आंबोलीत धुकं असतं, अंकोल्याकडच्या घाटभागात दरडींची भीती असते. शिवाय निम्मी विमानं उघड्यावर उभी असल्यामुळे छत्री सांभाळत ती धड बघताही येत नाहीत.

या वाटेला स्वतःचा इतिहास आहे, तो मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवा. गोवामुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबर १९६१ रोजी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक करणारी हवाई दलाची कॅनबेरा विमानं पुण्याहून उडाली होती. हंटर विमानांचा तळ बेळगावजवळ सांबऱ्याला होता. वैमानिकांनी धावपट्टी तेवढी नेमकी फोडली. टर्मिनलची इमारत आणि तिथे उभी असलेली प्रवासी विमानं शाबूत ठेवली. ज्या दाबोळीवर ते बॉम्ब पडले, तिच्या शेजारीच आज आपलं पहिलं संग्रहालय आहे. त्याच जातीचं कॅनबेरा विमान शेवटच्या मुक्कामी, बंगळुरूत, बघायला मिळतं.

गोवा: घाई करू नका

नौदलाचं हे संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. वास्कोहून बोगमाळोला जाणाऱ्या रस्त्यावर, दाबोळी विमानतळाला अगदी लागून ते आहे. बाहेर मोकळ्या आवारात विमानं आणि हेलिकॉप्टर, आत दुमजली दालन. सकाळी उघडताक्षणी पोचा आणि आधी बाहेरचं बघून घ्या. अकरानंतर तिथल्या फरशीवर आणि पत्र्यावर ऊन तापतं आणि मुलं कंटाळतात. दुपारी आतलं दालन. तीन तास हाताशी ठेवले तर सगळं नीट होतं. पाऊण तासात उरकून बीचवर पळणाऱ्यांचे इथवर यायचे पैसे वाया जातात.

काय चुकवू नये ते सांगतो. शॉर्ट सीलँड हे पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं छोटं विमान. आपल्या नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात १९५३ साली कोचीत याच जातीच्या विमानांनी झाली. त्यानंतर सी हॉक आणि अलिझे ही जोडी बघा. दोन्ही पहिल्या विक्रांत या विमानवाहू नौकेवरची. सी हॉक ब्रिटिश बनावटीचं जेट. ४ डिसेंबर १९७१ रोजी विक्रांतवरून उडून त्यांनी कॉक्स बाजार आणि चट्टग्रामवर हल्ले केले. अलिझे फ्रेंच, पाणबुड्या हुडकण्यासाठी घेतलेलं. जहाजाच्या पोटात जागा अपुरी, म्हणून या विमानांचे पंख दुमडता येतात. पंखाचा तो सांधा जवळ जाऊन बघा. एवढ्या बिजागरीच्या भरवशावर माणसं हलत्या जहाजावरून उडत होती, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

विक्रांत स्वतः मात्र आता बघायला मिळणार नाही. १९९७ साली निवृत्त झाल्यावर काही वर्षं ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१२ मध्ये लोकांसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. मुंबईत अर्ध्या दिवसात होणारी गोष्ट बघायला आता गोव्यापर्यंत जावं लागतं, आणि तिथेही जहाज नाही, फक्त त्यावरची विमानं आहेत. मला याचं मनापासून वाईट वाटतं. खाऱ्या वाऱ्यात उभी असलेली ही विमानं कायमची राहतील असं गृहीत धरू नका. मुलं लहान आहेत तोवर दाखवून आणा.

सी हॅरियरपाशी सगळ्यात जास्त वेळ द्या. १९८३ पासून नौदलात असलेलं हे विमान मे २०१६ मध्ये गोव्यातच निवृत्त झालं. त्याच्या अंगाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन, अशी चार फिरती तोंडं आहेत. इंजिनाचा झोत मागे सोडला की विमान पुढे पळतं. तोंडं खाली वळवली की तेच विमान जागच्या जागी हवेत तरंगतं आणि सरळ खाली उतरतं. पंखांच्या टोकांखाली तोल सांभाळणारी छोटी चाकं आहेत, तीही दाखवा. भौतिकशास्त्राचा धडा पुस्तकात वाचण्यापेक्षा मुलांना इथे पटकन समजतो.

आवारातलं सगळ्यात देखणं विमान सुपर कॉन्स्टेलेशन. लांबसडक, माशासारखं किंचित वळलेलं अंग आणि मागे तीन उभ्या शेपट्या. ही विमानं आधी एअर इंडियाच्या प्रवासी सेवेत होती, तेव्हा त्यांना ‘रानी ऑफ झांसी’ अशा धर्तीची नावं असत. तिथून ती हवाई दलात गेली आणि १९७६ साली सागरी टेहळणीसाठी नौदलाकडे आली.

मुक्काम वास्कोत करा. उत्तर गोव्यात राहिलात तर रोजचा जाण्यायेण्याचा वेळ आणि पेट्रोल वाढतं, खोलीही महाग पडते. वास्को बंदराचं, कामकाजाचं गाव. साधी स्वच्छ खोली दोन ते तीन हजारांत मिळते. नाताळ-नववर्षाच्या पंधरवड्यात हेच दर दुप्पट होतात, तेव्हा तो काळ टाळलेलाच बरा. गोव्यातून बाहेर पडताना पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून घ्या. महाराष्ट्र आणि कर्नाटकापेक्षा तिथे पेट्रोल लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त असतं.

कारवार: एक सकाळ पुरते

वास्को ते कारवार सुमारे ९० किलोमीटर. रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर, महामार्गालगतच चपल ही क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे आणि आता तिच्या शेजारी तुपोलेव्ह १४२ हे प्रचंड टेहळणी विमान उभं आहे. रशियन बनावटीची अशी आठ विमानं आपल्या नौदलाकडे होती. १९८८ साली ती पहिल्यांदा गोव्यात दाबोळीलाच दाखल झाली, पुढे तमिळनाडूत अरक्कोणमला गेली आणि मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. चार इंजिनं, प्रत्येक इंजिनावर एकामागे एक दोन पंखे, आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे. पात्यांची संख्या मुलांना मोजायला लावा, बत्तीस भरतात. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर सुमारे ५० मीटर.

तिकिटं किरकोळ आहेत. दुपारी माशाचं जेवण, संध्याकाळी किनारा. खोली दीड ते अडीच हजारांत मिळते. या रात्री लवकर झोपा, कारण दुसऱ्या दिवशी साडेपाचशे किलोमीटर जायचं आहे.

एक सूचना. दाबोळी काय, कारवार काय, दोन्ही ठिकाणी नौदलाचे चालू तळ आहेत. महामार्गावरून तळाच्या भिंतीचे, फाटकांचे फोटो काढू नका, ड्रोन तर घरीच ठेवा. संग्रहालयाच्या आत फोटो काढायला हरकत नसते, तरी पाटी वाचून आणि पावती घेऊनच कॅमेरा बाहेर काढा.

सोमवारचा रस्ता

कारवार, अंकोला, यल्लापूर, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळुरू. हुबळीपर्यंत घाट आणि जंगल, पुढे चांगला महामार्ग. थांबे धरून अकरा-बारा तास लागतात. गाडी चालवणारे दोघं असतील तरच एका दमात जा. एकटाच चालक असेल तर चित्रदुर्गला मुक्काम टाका; पाच हजार वाढतील आणि एचएएल बुधवारवर जाईल, पण जिवाशी तडजोड नको. दावणगेरेला लोणी डोसा खाऊन घ्या, चौघांचं तीन-चारशेत पोटभर होतं.

महामार्ग बंगळुरूत वायव्येकडून शिरतो आणि आपलं संग्रहालय शहराच्या पूर्वेला, जुन्या विमानतळ रस्त्यावर मारतहळ्ळीच्या बाजूला आहे. संध्याकाळच्या गर्दीत शहर ओलांडायला दोन तास सहज जातात. ते एकदाच सोसा: खोली मारतहळ्ळीकडेच घ्या. दोन हजारांपासून साडेतीन हजारांपर्यंत चांगली मिळते, वाहनतळासह आहे ना हे आधी विचारा.

बंगळुरू: इथे मराठी माणसाचं काही आहे

हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचं हे संग्रहालय २००१ साली उभं राहिलं. झाडीतलं, नीट राखलेलं आवार. आत दशकवार लावलेली छायाचित्रं, इंजिनांचं वेगळं दालन, बाहेर विमानं.

छायाचित्रांच्या सुरुवातीलाच सोलापूरचे वालचंद हिराचंद भेटतात. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने त्यांनी बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली, तीच आजची एचएएल. जहाजं, मोटारी आणि विमानं भारतात बनली पाहिजेत असं एका सोलापूरकराने पारतंत्र्यात ठरवलं आणि तिन्हींचे कारखाने उभे केले, हे मुलांना याच ठिकाणी सांगावं.

दुसरं नाव डॉ. विष्णू माधव घाटगे. मूळचे कोल्हापूर भागातले, जर्मनीत ग्योटिंगनला शिकलेले. त्यांच्या हाताखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान आकाराला आलं आणि १९५१ साली उडालं. भारतात आरेखन होऊन मोठ्या संख्येने बनलेलं हे पहिलं विमान. वैमानिकांच्या किती पिढ्या त्यावर शिकल्या. दोन माणसांचं, साधं, पंख्याचं विमान. शेजारच्या मोठ्या जेटमुळे लोक त्याच्याकडे बघतही नाहीत. तुम्ही बघा. जाताना गडहिंग्लजवरून गेलेले असाल तर त्या मुलखातला माणूस कुठवर पोचला हे कळेल.

मग मारुत. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूत घडलेलं लढाऊ जेट. १७ जून १९६१ रोजी पहिलं उड्डाण, १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर कामगिरी. इंजिनं हवी तेवढ्या ताकदीची कधी मिळाली नाहीत, त्यामुळे ज्या वेगासाठी ते आखलं होतं तो त्याला गाठता आला नाही. सहल जमणारच नसेल तर मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मारुत आहे, ते तरी बघून या.

कॅनबेराही इथेच आहे. मिग-२१ बघताना नाशिककरांना ओझर आठवेल. परवान्याखाली ही विमानं तिथल्याच एचएएलच्या कारखान्यात बनत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, त्यामुळे आता ते खऱ्या अर्थाने संग्रहालयातलं विमान झालं आहे.

दुपार मोकळी राहिली तर कस्तुरबा रस्त्यावरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात राइट बंधूंच्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. मेट्रोने जा, गाडी हॉटेलवरच राहू द्या.

हिशेब

सगळा फेरा, गावातलं फिरणं धरून, २१०० किलोमीटरच्या आसपास जातो. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी आणि १०५ रुपये दर धरला तर १४० लिटरचे १४,७०० रुपये. तुमच्या गाडीचा खरा अॅव्हरेज घाला, कंपनीने सांगितलेला नको. टोलनाके पंचवीसच्या आसपास लागतात, त्यांचे अडीच हजार. सहा रात्री सरासरी २,८०० ने १६,८००. यात एका खोलीत जादा गादी धरली आहे, दोन खोल्या हव्या असतील तर दहा-बारा हजार वाढवा. भाडं ठरवताना करासकट किती, हे विचारून घ्या. जेवणखाण रोज २,२०० ने सात दिवसांचे १५,४००. तिकिटं दीड हजार. पार्किंग, मेट्रो, शहाळी, औषधं, पंक्चर यांना तीन हजार. बेरीज ५३,९००. हाताशी साठ हजार ठेवून निघालात तर रस्त्यात कुणाला पैसे मागायची वेळ येणार नाही.

यात तिकिटांचा वाटा शेकडा तीनही नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या पावतीचे किंवा सिम्युलेटरचे पैसे वाचवू नका. वाचवायचे तर मुक्काम निवडताना आणि तारखा ठरवताना वाचवा.

फास्टॅगवर पुरेशी शिल्लक ठेवा; ती नसेल तर टोल जादा पडतो. खासगी गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पास आला आहे: सुरुवातीचा दर तीन हजार, मुदत वर्षभर किंवा दोनशे फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते. एक नाका ओलांडला की एक फेरी. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारख्या राज्याच्या रस्त्यांवर चालत नाही. नुसत्या या सहलीसाठी तो परवडत नाही, पण वर्षात आणखी एकदा जरी महामार्गाने लांब जाणार असाल तर घेऊन टाका.

स्वतःची गाडी नसेल तर भाड्याच्या गाडीचा विचार होतो. किलोमीटरला १५ रुपये, दिवसाला किमान ३०० किलोमीटर आणि चालकाचा भत्ता चारशे, असा दर पकडला तर गाडीचेच ३४,३०० होतात, टोल वेगळा. म्हणजे एकूण खर्च ७३ हजारांच्या पुढे. बदल्यात सोमवारच्या त्या लांब टप्प्याची काळजी मिटते. घरात एकच चालक असेल तर हे पैसे योग्य जागी गेले असं मी म्हणेन. एकट्यादुकट्याने मात्र गोव्यापुरती गोवा एक्स्प्रेस पकडावी. ती पुण्याहून थेट वास्कोला जाते, आणि गाडीपेक्षा फार स्वस्तात काम होतं. मोटारसायकलवाल्यांना टोल नाही; लिटरला चाळीसने पेट्रोल साडेपाच हजारांत भागतं, पण सोमवारचा टप्पा त्यांनी दोन दिवसांत तोडावाच.

रजा कमी असेल तर बंगळुरू गाळा. शुक्रवारी निघून गोवा, कारवार आणि सोमवारी हुबळी–कोल्हापूरमार्गे घरी, अशी तीन रात्रींची सहल १,२०० किलोमीटरची. याच दरांनी ती २९-३० हजारांत बसते. दिल्लीचं पालम इथलं हवाई दलाचं संग्रहालय या फेऱ्यात जोडायचा मोह टाळा. ते अप्रतिम आहे आणि प्रवेशही फुकट आहे. पण त्यासाठी गाडीने जाणं वेळेच्या आणि पैशांच्या दृष्टीने परवडणारं नाही. दिल्लीला दुसऱ्या कामासाठी जाल तेव्हा अर्धा दिवस राखून ठेवा.

निघण्यापूर्वी गाडीचा विमा, पीयूसी आणि परवाना तपासा. डिजिलॉकरमधल्या प्रती चालतात. सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. निघायच्या आठवड्यात प्रत्येक संग्रहालयाला एकदा फोन करून त्या दिवशी उघडं आहे ना आणि तिकीट किती, हे विचारा. लष्कराच्या कार्यक्रमांमुळे ऐनवेळी दार बंद राहू शकतं. आणि मुलांना विमानांच्या पंखांवर, चाकांवर चढू देऊ नका; फोटोसाठी पत्रा दाबला की तो वाकतो आणि बदली पत्रा कुठेच मिळत नाही.

सगळ्यात चांगला काळ जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर. दर उतरलेले असतात, ऊन सोसवतं. त्यातला एक शुक्रवार निवडून आधी रजेचा अर्ज टाका, मगच खोल्यांचं बुकिंग करा.